‘वरूनच बंद आहे’

[दृश्य: उपनगरातल्या जुन्या इमारतीचा जिना. भिंतीवर काळ्या वायरींची भेंडोळी, झाकण निघालेला जंक्शन बॉक्स.]

निवेदन:
राऊटरवर लाल दिवा लागला की घरातलं निम्मं काम थांबतं. कुणाची मीटिंग अर्ध्यावर तुटते, कुणाचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहतो. आपण केबलवाल्याच्या मोबाइलवर फोन लावतो. तो बहुतेक वेळा नीट बोलतो आणि सांगतो, “वरूनच बंद आहे. लाइन कट झालीय, काम चालू आहे.”

पुष्कळदा ते खरं असतं. रस्ता खणताना जेसीबीनं फायबर तोडली, तर ती नेमकी कुठे तुटली हे आधी शोधावं लागतं आणि मग केसाएवढे बारीक धागे एकेक करून जोडावे लागतात. भर पावसात खांबावर चढून हे काम करणाऱ्या माणसावर राग काढून काही साधत नाही. उत्तर द्यायचंय ते ‘वर’ जो आहे त्यानं.

[दृश्य: इंटरनेटचं बिल. कॅमेरा कंपनीच्या नावावर स्थिरावतो.]

निवेदन:
हा ‘वर’चा कोण? इंटरनेट पुरवण्याचा परवाना सरकार कंपनीला देतं. आपल्या गल्लीतला केबलवाला अनेक ठिकाणी त्या कंपनीचा फक्त स्थानिक भागीदार असतो. वायर त्यानं ओढलेली असली, पैसेही त्यानंच नेले, तरी सेवेची जबाबदारी परवानाधारकाची. म्हणून रोख पैसे देऊन गप्प बसू नका. बिल मागा, त्यावर कंपनीचं नाव बघा.

आणि तक्रार त्या कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा. केबलवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला ‘नेट गेलंय’ हा मेसेज कुठल्याही नोंदवहीत जात नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, कंपन्यांची कामगिरी दर तिमाहीला तपासतं. किती बिघाड झाले आणि किती वेळेत दुरुस्त झाले, याचा हिशेब कंपनीकडे नोंदलेल्या तक्रारींवरून होतो. आपल्या वस्तीत आठवडाभर नेट बंद असलं आणि तक्रार क्रमांक एकानंही घेतला नसला, तर कागदावर तिथं सगळं सुरळीत होतं. या व्यवस्थेतली मला सर्वात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर तक्रार क्रमांकाचा एसएमएस.]

निवेदन:
तक्रार केंद्रानं प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, द्यायलाच हवा. 2012 च्या नियमांनी तो आपला हक्क आहे. घड्याळ सुरू होतं ते या नंबरापासून. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या ट्रायच्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार घरातल्या ब्रॉडबँडचा किंवा लँडलाइनचा बिघाड तीन दिवसांपलीकडे गेला, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मोबाइलचं नेटवर्क जिल्हाभर चोवीस तासांहून जास्त बंद राहिलं, तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला वैधता वाढवून मिळायची आहे. नैसर्गिक आपत्ती तेवढी त्यातून वगळली आहे.

गेल्या वेळी तुमच्या बिलातून असे पैसे वजा झाले होते का? नसतील, तर डॉकेट नंबर दाखवून मागा.

केबल टीव्हीसाठी 2017 चे वेगळे नियम आहेत. तिथंही तक्रार केंद्र आणि क्रमांक बंधनकारक आहे, आणि तिथं समाधान झालं नाही तर तक्रार ऐकायला वर नोडल अधिकारी आहे.

[दृश्य: टेबलावर तारखांसह लिहिलेली वही, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट.]

निवेदन:
तक्रार केंद्रानं दाद दिली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत. 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपिलावर सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी असतो. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ट्राय कुणाची वैयक्तिक तक्रार सोडवत नाही. तिथं पाठवलेलं पत्र फार तर कंपनीकडे रवाना होतं.

मग उरतो ग्राहक आयोग. ही वाट काही वर्षं जवळजवळ बंद होती. 1885 च्या तार कायद्यात लवादाचं, म्हणजे वाद पंचापुढे नेण्याचं, एक कलम होतं, 7-ब. त्याच्या आधारे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोनचे वाद ग्राहक मंचाकडे (आजच्या ग्राहक आयोगाकडे) नेता येत नाहीत असं म्हटलं, आणि कंपन्या तो निकाल पुढे करू लागल्या.

अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाला महिन्याला सरासरी 555 रुपये बिल यायचं. एकदा ते 24 हजार 609 रुपयांचं आलं. 2014 मध्ये तो जिल्हा मंचात गेला. व्होडाफोन आयडियानं मंचाच्या अधिकारालाच हरकत घेतली, आणि बिल बरोबर की चूक हा प्रश्न बाजूला पडून वाद चढत चढत दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 16 फेब्रुवारी 2022 रोजी न्यायमूर्ती चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांनी सांगितलं की ग्राहक कायद्याचा उपाय लवादाच्या कलमानं हिरावला जात नाही. एवढं ठरायला आठ वर्षं लागली. त्या माणसानं मध्येच नाद सोडला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. त्याच्या चिकाटीमुळे आज आपल्याला हे दार उघडं आहे.

[दृश्य: जिल्हा ग्राहक आयोगाच्या इमारतीची पाटी, आत जाणारी माणसं.]

निवेदन:
2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तिनं तिथं यायचं. सेवेसाठी आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. लहानसहान प्रकरणं तिथंही मिटतात.

पण एकेका ग्राहकानं असं लढत राहणं ही काही देखरेख नव्हे. सोसायटीतली चाळीस घरं एकाच वेळी बंद पडली, तर चाळीस जणांनी आपापला नंबर घ्यावा. आणि ट्रायनं तिमाही आकडे तालुक्यागणिक, कंपनीगणिक, मराठीत जाहीर करावेत. नवं कनेक्शन घेताना आपल्या भागात कुणाची लाइन किती वेळा आणि किती तास बंद होती, हे पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.