आज वाडा कुठं?

(पहाट. अंधार. जमिनीतून मेखा उपटल्याचा आवाज, मध्येच मेंढीचं बेंबटणं.)

पहाटेचे पाच वाजलेत. मंगळवेढा तालुक्यातलं हे काळं रान. ज्वारी निघालीय, कडब्याच्या पेंढ्या बांधाला रचून ठेवल्यात, आणि रानाच्या मधोमध दीडशे मेंढ्या अंगाला अंग लावून बसल्यात. त्यांच्याभोवती कमरेइतकी उंच जाळी आहे. हिला वाघर म्हणतात. आक्का एकेक मेख उपटत पुढं सरकतायत आणि उपटलेली मेख तिथंच दगडावर आपटून माती झाडतायत. ओली माती लागलेली मेख घोड्यावर ठेवली की तेवढंच ओझं वाढतं.

हे मेंढपाळाचं फिरतं घर, म्हणजेच वाडा. तो हलायला पाऊण तास लागतो. आधी वाघर, मग अंथरुणं, मग परात, तवा, घागरी. सामानात पिठाचा डबा सगळ्यात शेवटी, कारण थांबल्यावर पहिल्यांदा तोच लागतो. डबा बसला की कोंबड्यांचं डालगं, आणि त्याच्या बाजूला पोत्याचे दोन खिसे. रात्री व्यालेल्या दोन मेंढ्यांची कोकरं त्या खिशांत जातात, फक्त मुंडकी बाहेर ठेवून. एक दिवसाचं कोकरू बारा किलोमीटर चालू शकत नाही. मेंढी पाच महिने पोटात वागवते, पण कुठल्या मुक्कामावर व्यायचं हे तिच्या हातात नसतं.

अण्णा तोवर बांधावर उभे राहून रानमालकांना फोन लावत असतात. रोज सकाळी तोच प्रश्न. आज वाडा कुठं?

(दृश्य: माळ, दूरवर उसाची हिरवी पट्टी.)

दिवाळीच्या अमावास्येला हुलजंतीला महालिंगराया आणि बिरोबाच्या पालख्यांची भेट होते. ती बघून हा वाडा गाव सोडतो आणि मृगाच्या सुमाराला परततो. मधले सात महिने वाटेवर. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मनाला येईल तसा. एका गावचं गवत दीडशे मेंढ्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून मेंढ्या गवताच्या मागं जातात आणि माणसं मेंढ्यांच्या मागं.

यात एक जुना व्यवहार आहे. रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या. लेंडी आणि मूत रानाला मिळतं, शेतकऱ्याचं खत होतं. बदल्यात वाड्याला ज्वारी मिळते, कधी पैसे, कधी दोन्ही. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. पण त्यासाठी रान रिकामं पाहिजे.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. कालवे आले, उपसा योजना आल्या, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. सांगोल्याकडं डाळिंब, पंढरपूर-बार्शीकडं द्राक्ष. पाणी आलं याचा आनंद मलाही आहे, मी याच जिल्ह्यातली आहे. पण ऊस बारा-पंधरा महिने रानात असतो, तुटला की त्याच बुडख्यातून फुटणारा खोडवा. बाग तर रिकामी होतच नाही. फवारणी झालेल्या बागेच्या बांधावरचं तण मेंढीनं खाल्लं, तर संध्याकाळपर्यंत ती पाय झाडायला लागते. ज्वारी निघाल्यावर धाटाला जे कोवळे हिरवे फुटवे येतात, त्यातही विष असतं. उपाशी मेंढ्या त्यावर तुटून पडतात. म्हणून अण्णा रानात शिरण्याआधी स्वतः फिरून येतात, वाकून, धाटं चाचपत. मगच मेंढ्या आत.

त्या सकाळी दोन जणांनी नाही म्हटलं. एकाचा कांदा अजून रानात होता. दुसऱ्याच्या भावकीत बांधाचं भांडण चालू होतं, त्याला तिसरं माणूस नको होतं. तिसरा म्हणाला, "या. पर पाण्याचं मी सांगत न्हाई. लाईट आली तर मोटर."

(दृश्य: रत्नागिरी–नागपूर महामार्ग. पहाटेच्या दिव्यांच्या रांगा.)

नव्या रानाकडं जायचं म्हणजे हमरस्ता ओलांडायचा. अण्णा पुढं, तोंडानं हाळी देत. मेंढी हाळीच्या मागं जाते. आक्का शेवटी. त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा रस्त्याच्या मधोमध, डोक्यावरचा पटका काढून हातात धरलेला, तोच हलवत गाड्या थांबवतो. दीडशे मेंढ्या ओलांडायला तीन-चार मिनिटं जातात. दुभाजकापाशी पुढच्या मेंढ्या अडल्या की मागच्या परत फिरतात. एका कंटेनरनं ब्रेक दाबला आणि त्या आवाजानं कळप मधोमध फाटला. मी कॅमेरा खाली ठेवून पळाले. तो तुकडा मी दाखवणार नाही, कारण तो मी घेतलाच नाही. मेंढी एकही गेली नाही त्या दिवशी. मागच्या साली तीन गेल्या होत्या.

पूर्वी हा रस्ता लहान होता, कडेला बाभळी होत्या, असं आबा सांगतात. आबा म्हणजे अण्णांचे वडील, सत्तरी ओलांडलेले. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा झोडपून मेंढ्यांना घालायच्या, दुपारी त्याच सावलीत मेंढ्या बसवायच्या. रुंदीकरणात झाडं गेली. दुपारी बारा ते तीन मेंढ्या सावलीला बसल्याशिवाय राहत नाहीत, सावली नसली तर एकमेकींच्या पोटाखाली डोकं घालून उभ्या राहतात. आता पुलाखालची जागा बघावी लागते.

(दृश्य: विहीर. शांतता. मग मोटरीचा आवाज.)

पाण्याबद्दल मला जरा थांबून सांगायचंय.

मी सोलापूर शहरात वाढले. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, घरातली सगळी भांडी भरून ठेवायची सवय अंगात मुरलेली. पाण्याची वाट बघणं मला नवं नाही. पण माझ्या घरात पाणी साठवायला टाकी आहे. या वाड्यात दोन घागरी, एक कॅन.

चैत्रातल्या उन्हात एका मेंढीला दिवसाला पाच लिटर धरलं, तरी दीडशे मेंढ्यांना साडेसातशे लिटर लागतं. पंधरा लिटरची घागर धरा. पन्नास खेपा. हे कुणी डोक्यावरून आणू शकत नाही, म्हणून मेंढ्यांनाच पाण्यापाशी न्यावं लागतं. ओढे माघातच आटतात. राहते विहीर किंवा बोअर, म्हणजेच मोटर, म्हणजेच लाईट. शेतीपंपाला थ्री फेज लाईट आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या वाड्याकडं विजेचं मीटर नाही, वायर नाही, बल्ब नाही. तरीही मेंढ्या कधी पाणी पिणार हे विजेच्या वेळापत्रकावर ठरतं.

त्या दिवशी रात्रीची पाळी होती. लाईट साडेदहाला आली. मेंढ्या दुपारपासून तहानलेल्या. अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून, आक्का आणि मुलगा वीस-वीस मेंढ्यांची टोळी करून हौदावर नेत होते. सगळ्या एकदम सोडल्या तर ढकलाढकलीत कोकरं तुडवली जातात, हौदात पडतात. शेवटची टोळी पाणी पिऊन वाघरीत आली तेव्हा एक वाजून गेला होता. आक्का पाचला उठणार होत्या.

फोनचंही तसंच. फोन नाही तर उद्याचं रान नाही. आबांकडं छोटी सोलर प्लेट आहे, चालताना ती घोड्याच्या पाठीवर बांधतात. तिच्यावर बॅटरी चार्ज होते, फोन धड होत नाही. म्हणून फोन चहाच्या टपरीवर लावायचा. टपरीवाल्याचं गिऱ्हाईक व्हायचं म्हणून चहा प्यायचा, आणि फोन तासभर तिथं तर माणूसही तासभर तिथं. तेवढा वेळ कळपामागं एक जण कमी.

दळणाचंही असंच. कष्टाचे दाणे मिळतात, पीठ मिळत नाही. पुढच्या गावात गिरणी शोधा, लाईट असेल तर दळा. रेशनकार्ड आता कुठल्याही गावात चालतं, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण यंत्रावर अंगठा उमटावा लागतो. दोर ओढून, काटे काढून आक्कांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. एका दुकानात तीनदा अंगठा ठेवला, उमटला नाही. आक्कांनी पदर ओला केला, बोट खसाखसा पुसलं, परत ठेवलं. चौथ्यांदाही नाही. "नंतर या," असं सांगितलं गेलं. नंतर वाडा वीस किलोमीटर पुढं होता.

आम्ही दोघीच असताना मी आक्कांना विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं, पाणी म्हणतील. त्या म्हणाल्या, "आडोसा." ज्वारी निघालेल्या सपाट रानात बाईमाणसाला आडोसा नाही. अंघोळ करायची तर चारच्या अंधारात, घोंगडी आडवी धरून. पाळीच्या दिवसांत कापड धुवायचं कुठं, वाळवायचं कुठं. दिवसभर पाणी कमी प्यायचं, म्हणजे बाहेर जावं लागत नाही. मूतखड्याचं दुखणं त्यांना दोनदा झालंय. हे त्यांनी मला कॅमेऱ्यात सांगायची परवानगी दिली, चेहरा न दाखवता.

(दृश्य: रात्र. विजा. पाल फडफडतंय.)

आम्ही कॅमेरा घेऊन या वाड्याबरोबर होतो, त्यातल्या सातव्या रात्री अवकाळी आला. काळ्या मातीत पाऊस पडला की अर्ध्या तासात तिचा चिखल होतो, मेखा धरत नाहीत, वाघर एका बाजूनं झोपते. अण्णांनी घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची, सनगरानं विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. तिच्यावरून पाणी ओघळत होतं. आमचे रेनकोट कधीच आतून भिजले होते. आज ही लोकर कातरायला जेवढे पैसे जातात तेवढेही तिला येत नाहीत, असं अण्णा सांगतात. तरी आबांची चाती सुटलेली नाही, ते चालता चालता सूत काढतात.

त्या गडबडीत लांडगा आला. कुत्री भुंकायला लागली तेव्हा कळलं. सकाळी वाघरीबाहेर एक कोकरू पडलेलं होतं, अर्धं खाल्लेलं. माळावरचा लांडगा कायद्यानं संरक्षित आहे, आणि अण्णांना त्याबद्दल राग नाही. "त्यालाबी पोट हाय," एवढंच बोलले. वनखात्याकडून भरपाई मिळते. त्यासाठी कळवावं लागतं, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं. फोन बंद होता. रानमालकाला दुपारपर्यंत रान मोकळं हवं होतं, ट्रॅक्टर सांगितला होता. अण्णांनी बांधाकडं खड्डा घेतला आणि कोकरू पुरलं. त्याची आई तासभर तिथून हलेना. मुलानं तिचे पुढचे दोन पाय धरून ओढत नेली.

हा मुलगा सातवीत आहे, पटावर. दिवाळीपर्यंत शाळेत जातो. मोठी बहीण गावी आजीजवळ राहून दहावी करतेय. दोघांनाही शाळेत ठेवलं, तर वाघर धरायला हात उरत नाही.

(दृश्य: टपरी. चार्जरला लावलेला फोन.)

आठव्या दिवशी सकाळी अकराला टपरीवर फोन सुरू झाला. लगेच वाजला. पलीकडून कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं, की आज नको, हरभऱ्याची मळणी राहिलीय, उद्या संध्याकाळी या. अण्णांनी "बरं, बरं" म्हणून ठेवला. आक्का घोड्यापाशी उभ्या होत्या, सामान लादून झालेलं.

"मग आजची रात?"

अण्णांनी पुलाकडं बघितलं. पुलाखाली ओढ्याचं कोरडं पात्र, सावली बरी, पण वर रात्रभर ट्रक. आक्कांनी काही न बोलता पिठाचा डबा खाली काढला.