मोरचुदाचा निळा रंग कुठे गेला?

(दृश्य: टेबलावर काचेची उभी नळी. आत मधाच्या रंगाचे, मोहरीपेक्षा बारीक मणी. वरून निळं पाणी ओतलं जातंय.)

हा मोरचूद. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या बागेत कोळेरोगावर जे बोर्डो मिश्रण मारतात, त्यातला. पाण्यात विरघळला की असा निळाशार होतो, कारण त्यात तांबं आहे.

आता नळीच्या खाली बघा. भांड्यात पडतंय ते नितळ पाणी.

हे गाळणं नव्हे. विरघळलेलं तांबं कितीही दाट फडक्यातून आरपार जातं. इथे चाललीय ती अदलाबदल. मासळीवालीने सुकी मासळी देऊन टोपलीत भात घ्यावा, तशी. मण्यांवर आधीपासून सोडियम बसलंय. तांब्याच्या एका आयनावर, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणावर, दोन धनभार असतात, म्हणून तो आत शिरताना सोडियमचे दोन आयन बाहेर पडतात. हिशेब चोख. या मण्यांना म्हणतात आयन-विनिमय रेझीन.

ही अदलाबदल माणसाच्या लक्षात आली ती शेतीतून. 1850 मध्ये इंग्लंडमध्ये थॉम्पसन आणि वे या दोघांनी दाखवून दिलं, की खतातला अमोनिया माती धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते. आपल्या खाचरातली मातीसुद्धा दर पावसाळ्यात हेच करत असते.

(दृश्य: दाभोळची खाडी, ओहोटी. चिखलात कालवं काढणाऱ्या बायका.)

ही वाशिष्ठी. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी घेऊन चिपळूणवरून येते, वाटेत जगबुडीला पोटात घेते आणि दाभोळला समुद्राला मिळते. वर सड्यावर लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या सांडपाण्याची वाट, प्रक्रिया होऊन का होईना, शेवटी या खाडीकडेच उतरते. काठावरच्या भोई वस्त्यांचं पोट याच पाण्यावर.

शेणाचं, भाजीपाल्याचं पाणी जिवाणू पचवून टाकतात. शिसं, पारा, कॅडमियम कोणीच पचवत नाही. ते गाळात बसतं, गाळातून कालवात जातं, कालवातून ताटात. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे एक ग्रॅम शिसं एक लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. पाऱ्याची मर्यादा आणखी दहापट कडक. तिथे एक ग्रॅम म्हणजे दहा लाख लिटर.

मग खाडीच्या तोंडाशीच रेझीनच्या टाक्या का लावू नयेत? कारण भरतीचं पाणी खारं. त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम एवढं, की साधे मणी त्यांनीच भरून जातील आणि शिशाला जागाच उरणार नाही.

यावर रसायनशास्त्राकडे एक सुंदर उत्तर आहे. काही रेझीनच्या मण्यांवर असे हात बसवतात, की ते जड धातूला दोन-तीन बाजूंनी पकडतात आणि सोडियमकडे फारसं बघतही नाहीत. अशा पकडीला 1920 मध्ये नाव मिळालं ते ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून: किलेट. चिखलातल्या बिळात हात घालून ज्याने कुर्ली धरलीय, त्याला ही पकड वेगळी समजावून सांगायला नको.

पण हे मणी महाग. म्हणून आधी चुना घालून बराचसा धातू साक्यात बसवायचा आणि मागे उरलेल्या थोड्यासाठी रेझीन वापरायचं. शिवाय क्रोमियमचं वेगळंच: त्याचं विषारी, सहा संयुजेचं रूप पाण्यात ऋणभार घेऊन फिरतं. त्याला उलट स्वभावाचे मणी लागतात. एकाच टाकीत सगळ्यांचं सांडपाणी एकत्र आलं, की कोणाला कशाने धरायचं हा गुंता होतो. मला म्हणून ठामपणे वाटतं, की धातू धरायचा तो ज्या कारखान्यात पाण्यात उतरतो त्याच्याच दारात. तिथे पाणी थोडं असतं, धातू कोणता ते ठाऊक असतं, आणि तो कोणाचा हेही.

(दृश्य: पुन्हा काचेची नळी. मणी आता निळसर हिरवे. वरून पातळ आम्ल ओततात.)

मणी भरले की ते आम्लाने धुवायचे. पुन्हा अदलाबदल. आम्लातला हायड्रोजन मण्यांवर बसतो, तांबं सुटतं. नंतर मिठाचं पाणी सोडलं, की मणी पुन्हा कामाला तयार.

बघा, खाली काय येतंय. पुन्हा निळं. ओतलं होतं त्याहून गडद, कारण भांडंभर पाण्यातलं तांबं आता पेलाभर आम्लात आलंय. यातून वीज सोडून तांबं परत मिळवता येतं. ज्यातून काही परत मिळवण्यासारखं नसेल, ते घातक कचरा म्हणून सरकारमान्य केंद्रात पोचवावं लागतं, नोंदीसह. कारखान्यात गेलात तर स्वच्छ पाण्याचा नळ कोणीही दाखवेल. तुम्ही ही दुसरी, बारकी नळी कुठे जाते ते विचारा.

(दृश्य: निळ्या आम्लाची बाटली. झाकण लावून त्यावर चिठ्ठी चिकटवली जाते: तांबं, तारीख, मापं.)