एकाच शब्दात सगळं कोंबलेलं

नमस्कार श्रोतेहो.

आज अमेरिकन फुटबॉलविषयी बोलायचंय. अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा तो खेळ. तिथे नवे खेळाडू आयपीएलसारखे लिलावात विकत घेत नाहीत. दर एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट' होतो. एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, तिचे ३२ संघ पाळीपाळीने, सात फेऱ्यांत, कॉलेजच्या मुलांना निवडतात. नाव जितकं आधी पुकारलं जाईल, तितके पैसे जास्त.

त्याआधी इंडियानापोलिस शहरात मुलांची चाचणी होते. धावणं, उड्या झाल्या की मुलाखती. संघाची माणसं समोर बसतात, काही मिनिटांत भोंगा वाजतो, की मुलगा उठून पुढच्या संघाकडे. तिकडे स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारे, त्याच्या जुन्या प्रशिक्षकाला, खेळाचं सामान सांभाळणाऱ्यालाही गाठून विचारतात, पोरगा कसा आहे? आपल्याकडे सोयरीक जमवताना करतात तशीच चौकशी. काही खटकलं, की नावापुढे शेरा पडतो: 'कॅरेक्टर कन्सर्न', म्हणजे चारित्र्याबद्दल शंका.

माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे.

२०१५ सालची गोष्ट. ला'एल कॉलिन्स हा लुइझियानाचा धिप्पाड खेळाडू पहिल्या फेरीत जाणार, हे जवळपास ठरलेलं. ड्राफ्टच्या काही दिवस आधी त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीचा खून झाला. तो संशयित नाही, फक्त त्याच्याशी बोलायचंय, असं पोलिसांनी सांगितलं होतं. तरी सातही फेऱ्या संपल्या आणि त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. उशिरा निवडलं तर करार करणार नाही, असं त्याच्या एजंटांनी कळवलं होतं, हेही खरं. पण पहिल्या दोन फेऱ्यांत हात आखडता घेतला तो संघांनीच. पुढे तो पोलिसांशी बोलला आणि मग डॅलस काउबॉइजने त्याला घेतलं, पहिल्या फेरीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत.

दुसऱ्या वर्षी लॅरेमी टन्सिल. ड्राफ्ट सुरू व्हायला काही मिनिटं असताना त्याच्याच ट्विटर खात्यावर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. तोंडावर गॅस मास्क, मास्कमधून गांजाचा धूर. पोरगा घसरत घसरत तेराव्या क्रमांकावर आला. त्याने दुखावलं कुणाला? कुणालाच नाही.

आणि त्याच २०१६ च्या ड्राफ्टमध्ये टायरीक हिल. गर्भवती मैत्रिणीला मारहाण करून तिचा गळा दाबल्याचा गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला होता. कॉलेजच्या संघाने काढून टाकलेलं. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला पाचव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर घेतलं. विजेसारखा पळायचा तो.

धूर ओढणारा, बाईचा गळा दाबणारा आणि ज्याच्यावर आरोपच नाही असा, तिघांच्या नावापुढे शेरा एकच! मला हे सहन होत नाही, श्रोतेहो. संघ मोजतात ते एवढंच, की या निवडीने आपली किती बदनामी होईल आणि मैदानावर किती फायदा. ज्या बाईने मार खाल्ला, तिच्यासाठी त्या हिशेबात रकानाच नाही.

लीगने २०१६ पासून नियम केला: घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेल्याला इंडियानापोलिसच्या चाचणीचं आमंत्रण नाही. ड्राफ्टमध्ये त्याला निवडायला मात्र मनाई नाही. पुढच्याच वर्षी जो मिक्सनला आमंत्रण मिळालं नाही. त्याने एका मुलीला ठोसा मारल्याचा व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला होता. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं.