तुम्ही कोण म्हणून आलात?

[दृश्य: कामगारांची छापील यादी. नावांवरून खाली सरकणारं बोट.]

मंदी आली की कारखान्यात एक यादी निघते. कोण कधी कामाला लागलं, त्याची. जो शेवटी लागला, तो आधी घरी.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत सेंट लुइसच्या जनरल मोटर्समध्ये अशीच कपात झाली. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांची नोकरी गेली. कपातीच्या नियमात ना वर्णाचा उल्लेख होता, ना बाई-पुरुषाचा. पाहायच्या होत्या फक्त तारखा. पण त्या तारखा इतक्या अलीकडच्या का होत्या? कारण १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतच नव्हती. ज्यांना दारच उशिरा उघडलं, त्यांची सेवाज्येष्ठता येणार कुठून?

एमा डीग्राफनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्टाचं म्हणणं असं पडलं: बाई म्हणून अन्याय झाला म्हणता, तर कंपनीत १९६४ च्या आधीपासून बायका आहेत. त्या गोऱ्या होत्या, हे कोर्टाला आड आलं नाही. वर्णामुळे अन्याय झाला म्हणता, तर त्याचा वेगळा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. दोन्ही तक्रारी एकत्र करून मात्र दाद मागता येणार नाही.

आता या पाच जणींनी काय करायचं? घरातून निघताना वर्ण खुंटीला टांगून यायचं, की बाईपण?

१९८९ मध्ये कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी हाच खटला पुढे ठेवून ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे एकाच माणसावर अनेक ओळखींमुळे होणारे अन्याय एकमेकांत मिसळणं, हा शब्द वापरला. त्यांनी दाखला दिला चौकाचा. चौकात उभ्या माणसाला कुठल्याही रस्त्यानं आलेली गाडी धडकू शकते, कधी एकाच वेळी दोन. आधी गाडी कोणाची ते सिद्ध करा, मग मलमपट्टी करू, असं जखमी माणसाला सांगायचं का?

[दृश्य: कार्यालयातला स्वागतकक्ष. रिकामी खुर्ची.]

धर्माचंही असंच. समीरा अश्बिता बेल्जियममधल्या एका कंपनीत २००३ पासून रिसेप्शनिस्ट होत्या. २००६ मध्ये त्यांनी सांगितलं, यापुढे मी डोक्याला रुमाल बांधून येईन. नोकरी गेली. कंपनीचा नियम होता की धर्माची, विचारसरणीची कोणतीही खूण अंगावर दिसता कामा नये. २०१७ मध्ये युरोपीय संघाचं न्यायालय म्हणालं, नियम सर्वांना सारखा आहे, म्हणून हा थेट भेदभाव नाही. अप्रत्यक्ष असू शकतो, ते बेल्जियमच्या कोर्टानं तपासावं.

सर्वांना सारखा. कागदावर खराच सारखा. पण ज्याची श्रद्धा अंगावर दिसतच नाही, त्याला या नियमाची झळ कधी लागणार?

[दृश्य: नदीकाठची वस्ती. धुकं.]

आणि आता कॅनडा. इथं थोडं थांबायला हवं.

सँड्रा लव्हलेस मालिसीट या आदिवासी समाजातल्या. टोबिक नावाच्या राखीव वस्तीत वाढलेल्या. १९७० मध्ये त्यांनी आदिवासी नसलेल्या माणसाशी लग्न केलं, आणि सरकारदरबारी त्या आदिवासी उरल्या नाहीत. ‘इंडियन अ‍ॅक्ट’, म्हणजे कॅनडाचा आदिवासींविषयीचा कायदा, तसंच सांगत होता. आदिवासी पुरुषानं बाहेरची बायको केली तर त्याचं काही जात नसे, उलट तिलाच आदिवासी दर्जा मिळे. पुढे लग्न मोडलं. सँड्रा लेकराला घेऊन परत आल्या, तर आपल्याच वस्तीत घर मागायचा हक्क उरला नव्हता.

दाद मागायची कुणाकडे? याच नियमाविरुद्ध दोन बायकांचं प्रकरण आधीच सर्वोच्च न्यायालयात पोचलं होतं आणि १९७३ मध्ये त्या पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या होत्या. कायद्यापुढे समानता म्हणजे कायदा सारखा लावणं, एवढाच अर्थ तिथं धरला गेला. आणि मला सगळ्यांत जास्त टोचतं ते हे: आदिवासींची राष्ट्रीय संघटना त्या खटल्यात सरकारच्या बाजूनं उभी होती. आधी समाजाची लढाई, बायकांचं नंतर बघू. हे ‘नंतर’ किती बायकांनी ऐकलं असेल!

१९७९ च्या जुलैत टोबिकच्या बायका या अन्यायाविरुद्ध पोरांना घेऊन माँट्रियलजवळच्या ओकापासून राजधानी ओटावापर्यंत चालत गेल्या, सुमारे १६० किलोमीटर. सँड्रा यांची तक्रार तोवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेली होती. १९८१ मध्ये समितीनं निकाल त्यांच्या बाजूनं दिला. कारण साधं होतं. त्यांची भाषा, त्यांचे लोक, त्यांची संस्कृती टोबिक सोडून दुसरीकडे कुठेच नव्हती. बाई कुठेही राहू शकते, पण तिचा समाज एकाच जागी होता.

१९८५ मध्ये कायदा बदलला. दर्जा परत मिळाला, पण अर्धामुर्धा. बाहेर लग्न केलेल्या बाईच्या नातवंडांना एक माप, तसंच लग्न केलेल्या पुरुषाच्या नातवंडांना दुसरं.

म्हणून आदिवासी समाजातल्याच शॅरन मॅकआयव्हर आणि त्यांचा मुलगा संयुक्त राष्ट्रांच्या त्याच समितीकडे गेले. जानेवारी २०१९ मध्ये निर्णय जाहीर झाला: आईकडून आलेलं नातं या कायद्यात अजूनही बापाकडून आलेल्या नात्याच्या बरोबरीचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडानं हा फरक मिटवणारी उरलेली तरतूद लागू केली. सँड्रा यांच्या लग्नाला तेव्हा एकोणपन्नास वर्षं झाली होती.