गुपित सांगणारं पुस्तक आणि प्रयोग शिकवणारं पुस्तक

(सोलापुरातल्या वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मुलाला जादू शिकायची आहे, कुठलं पुस्तक घेऊ, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं: ज्यात जादू जास्त, ते पुस्तक चांगलं. पुस्तकं विकलीही तशीच जातात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर फिरा, नाहीतर एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर बघा. मुखपृष्ठावर शंभर जादू, दोनशे जादू असा ठळक आकडा, आत एकेका जादूला अर्धं पान, आणि त्या अर्ध्या पानात गुपिताच्या चार ओळी. चार ओळींत गुपित मावतं, प्रयोग मावत नाही. मूल दोन दिवसांत पुस्तक संपवतं, पाहुण्यांसमोर एकदोनदा करून बघतं, पकडलं जातं आणि ‘मला जादू येत नाही’ असं स्वतःबद्दल ठरवून मोकळं होतं. याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलात काही कमी नसतं, त्याच्या हातात पडलेल्या पुस्तकात असतं.

मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? मी एक कसोटी वापरतो. तुम्हाला आधीपासून येणारी एखादी जादू त्या पुस्तकात शोधा आणि तेवढीच पानं दुकानात उभ्या उभ्या वाचा. नवीन जादू वाचलीत तर गुपित कळल्याच्या आनंदात पुस्तकाचे सगळे दोष झाकले जातात. जुन्या जादूत तसं होत नाही.

एकवीस पत्त्यांची जादू घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी ती कुणी ना कुणी दाखवतंच. एकवीस पत्ते, तीन रांगा, प्रत्येकीत सात. समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा आणि फक्त रांग सांगायची. ती रांग उरलेल्या दोघींच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करायचे, पुन्हा आडवे तीन-तीन करत तीन रांगांत मांडायचे. असं तीनदा. तिसऱ्यांदा गोळा केल्यावर त्याचा पत्ता वरून अकरावा येतो.

निकृष्ट पुस्तक इथेच थांबतं. ‘अकरावा पत्ता काढून दाखवा’, संपलं. त्याहून बरं पुस्तक कारण सांगतं. सांगितलेली रांग मध्ये गेली की तो पत्ता आठ ते चौदा या जागांत असतो. दुसऱ्यांदा मांडल्यावर तो आपल्या रांगेत तिसरा, चौथा किंवा पाचवा असणार, आणि ती रांग मध्ये घेतली की दहावा, अकरावा किंवा बारावा. हे तिन्ही पत्ते तिसऱ्या मांडणीत एकाच ओळीत येतात, चौथ्या. म्हणजे प्रत्येक रांगेचा बरोबर मधला पत्ता. समोरच्यानं तिसऱ्यांदा रांग दाखवली त्याच क्षणी उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असतं. अकरापर्यंत मोजायची गरजच नाही!

आणि खरोखर शिकवणारं पुस्तक याच्याही पुढे जातं. ते म्हणतं, बाबा रे, उत्तर तुला आधीच कळलेलं आहे, तर आता पत्त्यांकडे बघू नकोस, माणसाकडे बघ. अकरा मोजताना ओठ हलतात आणि नजर खाली राहते, म्हणून तर लोकांना कळतं की काहीतरी गणित चाललंय. तीनदा पत्ते मांडण्यात वेळ जातो, प्रेक्षक कंटाळतो. त्या वेळात काय बोलायचं, हेही ते सांगतं. पत्ते विस्कटून टाक, त्यालाच एकेक बाजूला सारायला लाव, आणि शेवटी त्याच्याच हाताखाली त्याचा पत्ता उरू दे, असा शेवट सुचवतं. जादू तीच, गुपितही तेच. पण एका पुस्तकानं मुलाला युक्ती दिली आणि दुसऱ्यानं प्रयोग दिला. एवढा फरक ज्या पुस्तकात दिसेल ते घ्या, मग त्यात फक्त पंधरा जादू असल्या तरी चालेल.

हा फरक जुना आहे. इंग्लंडमध्ये १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉटनं ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ लिहिलं. चेटकीण ठरवून माणसं मारली जात होती, त्या समजुतीविरुद्धचं ते पुस्तक. त्यातल्या एका भागात त्यानं चेंडू, नाणी, पत्ते यांची हातचलाखी उलगडून दाखवली, हेतू हा की लोकांनी असल्या खेळांना सैतानाची करणी समजू नये. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं १९८९ पासून चमत्कारांची प्रात्यक्षिकं करून हेच काम केलं आहे, आणि त्या विषयावरची मराठी पुस्तकं मुलांनी जरूर वाचावीत. पण हे लक्षात घ्या, त्या पुस्तकांचं काम उलगडा करण्याचं आहे. होमकुंड काडीशिवाय कसं पेटतं हे ती सांगतात, कारण भोंदूबाबाचा प्रयोग त्यांना उघडा पाडायचा असतो. तुमच्या मुलाला प्रयोग रंगवायचा आहे. आणि पोटॅशियम परमँगनेट, ग्लिसरीन असले रासायनिक प्रयोग घरात एकट्या मुलानं करायचे नाहीत, पुस्तकात कितीही सोपे वाटले तरी.

रंगवायला शिकवणारी पुस्तकं इंग्रजीत बरीच नंतर आली. १८७६ चं ‘मॉडर्न मॅजिक’ हे त्यातलं मोठं नाव. प्रोफेसर हॉफमन या नावानं लिहिणारे अँजेलो लुईस पेशानं बॅरिस्टर होते, आणि ते पुस्तकात दिसतं. नियम, मग कारण, मग कृती. आता काय करणार आहोत ते आधी सांगू नये, तीच जादू त्याच संध्याकाळी पुन्हा करू नये, ही शिस्त त्यात सुरुवातीलाच आहे. गारुड्याच्या पोराला बापाकडून जे मिळत होतं ते पहिल्यांदा परक्या मुलाला कागदावर मिळू लागलं. तरी आज पहिलं पुस्तक म्हणून मी ते देणार नाही. त्यातला जादूगार शेपटीच्या कोटात उभा आहे, कोटाला चोरखिसे आहेत, टेबलामागे चोरकप्पा आहे. तुमच्या नातवाच्या अंगात टी-शर्ट आहे.

पुस्तकानं माणूस कसा पालटतो याचा माझा आवडता दाखला रॉबेर-उदँचा. फ्रान्समधला घड्याळजी. तरुणपणी त्यानं घड्याळ बनवण्याविषयीचा ग्रंथ मागवला आणि दुकानदारानं चुकून जादूच्या करमणुकीचे दोन खंड बांधून दिले, असं त्यानं आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे तो त्याच्या काळातला सर्वात मोठा जादूगार झाला. मला या कथेतला नंतरचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पुस्तकं हातात असूनही तो गावातल्या एका माणसाकडे पैसे देऊन चेंडू झेलायला शिकला, बोटं तयार व्हावीत म्हणून. १८६८ मध्ये त्यानं स्वतः जादूच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं, ते या अनुभवातून.

चित्रांकडे नीट बघा. बऱ्याच पुस्तकांत चित्र प्रेक्षकाच्या बाजूनं काढलेलं असतं. मूल त्यावरून बोटं ठेवायला जातं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि तासभर झगडूनही नाणं पडत राहतं. करणाऱ्याच्या डोळ्यांनी काढलेलं चित्र हवं आणि प्रेक्षकाला काय दिसतं तेही वेगळं हवं. १९२६ मध्ये अमेरिकेत हार्लन टार्बेल यांनी टपालानं जादूचा अभ्यासक्रम सुरू केला, साठ धड्यांचा. टार्बेल स्वतः चित्रकार होते, आणि तो अभ्यासक्रम पुढे ग्रंथरूपानं इतकी वर्षं टिकला यात त्या रेषांचा मोठा वाटा आहे असं मी मानतो. मूल डावखुरं असेल तर ते आधीच ठरवून घ्या, कारण जवळजवळ सगळी पुस्तकं उजव्या हाताला धरून लिहिलेली असतात.

आता सामान. पुस्तक बाहेरचं आणि खिसा सोलापूरचा, तिथे गाडी अडते. नाण्यांच्या जादूसाठी जे. बी. बोबो यांचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ (१९५२) सगळे सुचवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यातली बोटं अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बसवलेली आहेत. ते नाणं ३०.६ मिलिमीटरचं. आपलं पाच रुपयांचं नाणं २३ ते २५ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या तळव्यात ते पकडीत येतच नाही आणि शिकणारा स्वतःला दोष देतो. दहा रुपयांचं २७ मिलिमीटरचं नाणं घ्या, बरंच जमेल. आणि घरी आजीच्या डब्यात राणीछाप बंदा रुपया असेल तर तो मागून बघा. एक तोळ्याचा तो रुपया आकारानं आणि वजनानं अर्ध्या डॉलरच्या अगदी जवळ आहे, कडेला दातेही आहेत. सराव मात्र गादीवर बसून करा, नाणं पडलं तर आजीचा जीव वर नको.

पत्त्यांचंही तसंच. पुस्तकांतला कॅट साधारण ६३ मिलिमीटर रुंदीचा, आणि ५७ मिलिमीटरचे अरुंद पत्तेही मिळतात. लहान हातांना अरुंदच बरे. प्लॅस्टिकचे गुळगुळीत पत्ते मात्र नवख्याला आवरत नाहीत. रुमालाच्या जादूंत रुमाल म्हणजे पातळ रेशमाचा, मुठीत दाबला की नाहीसा होणारा. टॉवेलांच्या या गावात पोरं सुती रुमाल घेऊन बसतात आणि मुठीतून टोकं डोकावतात. चाटी गल्लीत जाऊन पातळ रेशमाचा अठरा इंची चौकोन कापून आणा, कडा शिवा, काम झालं. दोरीची जादू मात्र आपल्याला सोपी, मऊ सुती दोरी इथे कुठेही मिळते.

बोलण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुठलंही पुस्तक तयार देऊ शकत नाही. इंग्रजी पुस्तकातली वाक्यं मराठीत उतरवून बोलू नका. ‘सभ्य स्त्री-पुरुषहो’ म्हणत बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला की घरचे हसतात, आणि जादूवर हसत नाहीत. तुमच्या घरी मराठी असेल, शेजारी तेलुगू, मागच्या गल्लीत कन्नड. या गावातल्या मुलाला तिन्ही भाषांत चार-चार वाक्यं येतात, ती वापरू द्या. वहीत एका बाजूला कृती आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची वाक्यं, अशी पानं भरली तर मूळ पुस्तक इंग्रजीत आहे ही अडचण उरत नाही. आई-वडिलांनी वाचून सांगायचं, मुलानं हातात पत्ते घेऊन ऐकायचं. व्हिडिओत हे होत नाही. तिथे मूल त्या माणसाचे हातवारे उचलतं, बोलणंही त्याचंच.

एका पुस्तकाबद्दल सावध करतो. एर्डनेस या टोपणनावानं १९०२ मध्ये आलेलं ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’. लेखक कोण याचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मोठमोठे पत्तेबाज त्याला पूज्य मानतात. जुनं असल्यामुळे ते इंटरनेटवर फुकट मिळतं, म्हणून मुलं आधी तेच उतरवून घेतात. त्याचा मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या हातचलाखीचा आहे, भाषा आवळलेली आहे. पाच-सहा वर्षं पत्ते हाताळल्यावर वाचा, तेव्हा ते खूप देईल.

मग घ्यायचं काय? आठ-दहा वर्षांच्या मुलाला कार्ल फुल्व्ह्स यांचं ‘सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स’. त्यात बोटांची कसरत लागत नाही, त्यामुळे मूल पहिल्यापासून बोलण्याकडे लक्ष देऊ शकतं. गणिताची आवड असेल तर मार्टिन गार्डनर यांचं ‘मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी’, एकवीस पत्त्यांमागचं गणित ज्याला आवडलं त्याला ते हातातून खाली ठेवावंसं वाटणार नाही. बारा-तेराच्या पुढे आणि मोठ्यांनाही मार्क विल्सन यांचा ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’, पत्ते, नाणी, दोरी, रुमाल असं सगळं त्यात आहे आणि चित्रं भरपूर आहेत. त्यातून कशाचा ओढा आहे ते कळलं की पत्त्यांसाठी ह्यूगार्ड आणि ब्रॉ यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’, नाण्यांसाठी बोबो. एका वेळी एकच. दुसरं पुस्तक पहिल्यातल्या पाच जादू तीन वेगवेगळ्या माणसांसमोर नीट झाल्यावर.

विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचारा. फक्त ‘जादूचं पुस्तक’ म्हणू नका. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत चेटूक, जादूटोणा १३३ च्या फळीवर असतो, आणि आपली हातचलाखी खेळ-करमणुकीत, ७९३.८ वर. तिथे काही नसेल तर मागणीच्या वहीत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून या, शेजारच्या दोन मुलांनाही लिहायला लावा. तीन मागण्या दिसल्या की ग्रंथपालांना खरेदीच्या यादीत ते घालणं सोपं जातं.