शेठचं गोडाऊन आणि मॅडॉफचा खातेनंबर

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. ओट्यावर पेपर वाचत बसलेले काका.)

हे आमचे काका, वय 81. बोलता बोलता 'चालेल'च्या जागी 'चालशे' येतं तोंडात, घरात त्याला आता कोणी हसत पण नाही. काका एका बँकेत इन्स्पेक्शनला होते. म्हणजे पार्टीने माल तारण ठेवून कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेचं कर्ज, घेतलंय ना, मग तो माल गोडाऊनमध्ये खरंच आहे का ते जाऊन बघायचं. थप्प्या मोजायच्या, मग मधलीच दोन-चार पोती निवडून त्यात लोखंडी नळी खुपसायची, तिच्यातून दाणे येतात बाहेर, ते तळहातावर घेऊन बघायचे. बस, एवढंच.

तर एकदा गेले एका बड्या शेठकडे. देवळाचे ट्रस्टी, बँकेच्या मोठ्या साहेबांचं त्यांच्याकडे जाणंयेणं. शेठनी स्वतः उठून खुर्ची दिली, फाफडा-जलेबी आली, रजिस्टर उघडून समोर. काकांनी थप्प्या मोजल्या, सही ठोकली, निघाले. सहा महिन्यांत खातं बुडालं आणि कळलं की पुढच्या दोन रांगा सोडल्या तर मागे सगळा भुसा.

काकांना इथेच बसू दे जरा. न्यूयॉर्कला जाऊन येऊ, तिथला भुसा कागदोपत्री 65 अब्ज डॉलरचा होता.

(दृश्य: वॉल स्ट्रीटचे जुने फोटो.)

बर्नार्ड मॅडॉफ, नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा माजी चेअरमन. लोकांचे पैसे घ्यायचा, शेअर घेतले म्हणून स्टेटमेंट पाठवायचा, घ्यायचा काहीच नाही, नव्यांचे पैसे जुन्यांना. हॅरी मार्कोपोलस नावाचा माणूस 2000 सालापासून एसईसीला, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या तिकडच्या सेबीला, लिहून लिहून सांगत होता की असा नफा शक्यच नाही, पण ऐकतंय कोण. तपासायला आलेल्यांना मॅडॉफ गप्पांमध्ये सांगायचा की एसईसीच्या पुढच्या चेअरमनसाठी माझं नाव चर्चेत आहे. आता जो उद्या आपलाच साहेब होऊन बसेल त्याच्या पोत्यात नळी कोण घालणार?

बनावट रिपोर्टची तर मजाच होती. ऑडिटर यायचा म्हणून छापलेले कागद प्रिंटरमधून गरम गरम निघाले, ते फ्रिजमध्ये ठेवून गार केले आणि मग जुने दिसावेत म्हणून बॉलसारखे इकडून तिकडे फेकले. हे कोर्टात साक्षीत आलंय, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये.

19 मे 2006, शुक्रवार. एसईसीसमोर मॅडॉफचा जबाब चालू. शेअर ठेवलेत कुठे? डीटीसीमध्ये, आपल्याकडे एनएसडीएल आहे तशी डिपॉझिटरी, जिथे लोकांचे शेअर जमा असतात. खातेनंबर? दिला त्याने. खरा नंबर! त्याला वाटलं संपलं, सोमवारी हे लोक तिथे फोन लावणार आणि खेळ खलास. नंतर तुरुंगात त्याने स्वतःच सांगितलं हे. सोमवार आला आणि गेला, फोन कोणी केलाच नाही. पुढे अडीच वर्षं अजून चाललं सगळं, आणि 11 डिसेंबर 2008 ला अटक झाली ती पण मंदीत पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागली आणि त्याने मुलांजवळ कबूल केलं म्हणून.

आपल्याकडे पण काही वेगळं नाही. त्या अटकेला महिना व्हायच्या आत, 7 जानेवारी 2009 ला, सत्यम या आयटी कंपनीच्या चेअरमनचं, रामलिंग राजूंचं, पत्र आलं, बँकेत दाखवलेले 5,040 कोटी नाहीतच. खरं तर ऑडिटरने बँकेला परस्पर पत्र टाकून बॅलन्स विचारायचा असतो. इथे पत्रं दिली कंपनीच्या हातात आणि उत्तरं घेतली ती पण कंपनीच्याच हातून.

(दृश्य: परत ओटा. संध्याकाळ.)

काकांना विचारलं, त्या दिवशी नळी घरी विसरला होतात का? काकांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला.

"नाही रे, बॅगेतच होती. शेठ स्वतः चहा ओतत होते, त्यांच्यासमोर कशी काढू?"