बातिगोल: फ्लोरेन्सने आपला मानलेला अर्जेंटिनी

हा पळत सुटलेला, खांद्यावर केस उडवत कोपऱ्यातल्या निशाणाकडे जाणारा नऊ नंबर म्हणजे फ्लोरेन्सच्या फियोरेन्तिना क्लबचा आघाडीपटू गॅब्रिएल बातिस्तुता, चाहत्यांचा ‘बातिगोल’. साल 1994. इटलीच्या अव्वल फुटबॉल श्रेणीत, सेरी आमध्ये, हंगामाच्या पहिल्या 11 सामन्यांत, एकही न चुकता, त्याने गोल केला. हंगामाच्या सुरुवातीच्या सलग 10 सामन्यांत गोल करण्याचा एझिओ पास्कुत्ती या खेळाडूचा विक्रम तीस वर्षांहून जुना होता, तो मोडला. हंगाम संपला तेव्हा नावावर 26 गोल होते.

त्याचा फटका जरा सावकाश बघा. डावा पाय चेंडूशेजारी रोवलेला, अंग पुढे झुकलेलं, आणि उजवा पाय असा येतो की गोलकीपरला सावरायला वेळच उरत नाही. वेम्बली, ऑक्टोबर 1999, समोर इंग्लंडचा आर्सेनल. बातिस्तुता उजवीकडे, कोन अगदी चिंचोळा. इथून कुणीही पास दिला असता. हा मारतो. गोलकीपर सीमन झेपावतो तोवर चेंडू जाळ्यात वर जाऊन आदळलेला.

अर्जेंटिनातल्या सान्ता फे प्रांतातल्या रेकोन्किस्ताचा हा मुलगा लहानपणी बास्केटबॉलही खेळायचा. रोसारिओच्या न्यूवेल्स क्लबमध्ये प्रशिक्षक मार्सेलो बिएल्साने त्याला घडवलं. मग रिव्हर प्लेट, मग बोका हे क्लब. 1991 च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत 6 गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि फियोरेन्तिनाने त्याला फ्लोरेन्सला नेलं.

या शहराचं त्याच्यावर जे प्रेम आहे, त्याचं मूळ 1993 मध्ये आहे. त्या वर्षी संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्याच्या तोडीच्या खेळाडूला कुठेही जागा मिळाली असती. तो थांबला. सेरी बीच्या छोट्या मैदानांवर गोल करत राहिला आणि एका हंगामात संघ परत वर आला. 1996 मध्ये इटालियन चषक जिंकला. चाहत्यांनी त्याचा पूर्णाकृती कांस्य पुतळा उभारला. खेळत असलेल्या माणसाचा पुतळा!

आणि हे बार्सिलोनाचं मैदान, 1997. गोल झाल्यावर ओठांवर बोट. अख्खं कॅम्प नोउ गप्प.

देशासाठीही तो असाच खेळला: विश्वचषकात 1994 मध्ये ग्रीसविरुद्ध, 1998 मध्ये जमैकाविरुद्ध हॅट्‌ट्रिक. दोन वेगवेगळ्या विश्वचषकांत हॅट्‌ट्रिक करणारा तो एकटाच.

विजेतेपदासाठी मात्र 2000 मध्ये त्याला रोमच्या रोमा क्लबात जावं लागलं. नोव्हेंबरमध्ये समोर आलं फियोरेन्तिना. चेंडू हवेतच टोलवून त्याने गोल केला. रोमाचे सहकारी मिठ्या मारताहेत, त्याच्या डोळ्यांत पाणी. त्या हंगामात 20 गोल, आणि जून 2001 मध्ये रोमा विजेता.

घोट्यांनी पुढे त्याला फार छळलं; 2005 मध्ये तो निवृत्त झाला.

अर्जेंटिनासाठी सर्वाधिक गोलांचा त्याचा विक्रम 2016 मध्ये मेस्सीने मागे टाकला. फियोरेन्तिनासाठी सेरी आमध्ये केलेल्या 152 गोलांच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही.